पेन्सिलीनं लिहिलेलं नाव

आईस विनिपेगहून लॉकलनचा नमस्कार.

मी मजेत आहे. कॅनडाच्या या थंडीत तू विणलेले मोजे रोज घालतो. बातम्यांत स्कॉटलंडच्या पावसाचं ऐकलं. तुझा गुडघा दुखतोय का?

बाबा फोनवर म्हणाले, "क्लबात आता आम्ही तिघंच उरलो." आपल्या तळ्याच्या बर्फावर दगड सरकवल्याशिवाय कुणी सभासद होत नाही, हा कर्लिंग क्लबाचा दोनशे वर्षांचा नियम. आणि तळं चौदा हिवाळे गोठलेलं नाही. माझं नावसुद्धा सभासदांच्या वहीत अजून पेन्सिलीनंच आहे, शाईनं लिहायचं राहिलंय.

"नियम बदला की," मी म्हणालो.

"तो बदलणारा मी कोण?"

मग त्यांनी हळूच विचारलं, "तुमच्या नदीवर बर्फ कितपत जाड आहे?"

खिडकीतून मला गोठलेल्या नदीच्या बर्फावरनं चाललेल्या मोटारी दिसत होत्या.

"इथंही यंदा बर्फाचं काही खरं नाही, बाबा."

"अरेरे," म्हणाले, पण आवाजातलं ओझं जरा उतरलं.

त्यांना सांगू नकोस.

तुझा,
लॉकलन