आईकडची प्रत

११ मार्च
सईचा, आमच्या लेकीचा, रिपोर्ट आला. सहा वर्षांनी तिच्या दुखण्याचं कारण कळलं. पंधराव्या गुणसूत्राच्या जोडीत, आईकडून आलेल्या प्रतीतला एक तुकडाच नाही. म्हणून बोलणं नाही, चालताना तोल नाही, झटके, आणि कारण नसताना ते हसणं. दोनदा वाचला. कळला तेव्हा बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.
संध्याकाळी दादाच्या अंगणात आई, दादा, वहिनी, भावकीतले चारजण बसलेले. मोठ्याने वाचून दाखवला. मराठीत फोड करून. मीच.

१३ मार्च
फर्स्ट शिफ्ट. कंपनीतून आलो तर सईची आई, मंदा, नळावरून परतलेली, हंडा अर्धाच. तिथे तिला कुणी म्हणालं, "रिपोर्टातच लिवलंय म्हनं, आईकडनंच आलंय."
तिने एवढंच विचारलं, "तुम्ही काय वाचलंत तिथं?"
मी ताट ओढलं. जेवलो.

१७ मार्च
आईचं पुन्हा सुरू. "गरवार असताना गिऱ्हानात विळी हातात घेतली व्हती हिनं. मी तवाच म्हनले व्हते." सहा वर्षं हेच चाललंय. मी माळ घेऊन बसायचो. आजही बसलो. बोटं मण्यांवर, कान तिकडे. असला जप देव घेत असेल असं वाटत नाही.

२२ मार्च
दादा आला. पुढच्या महिन्यात जत्रा. देवीच्या पहिल्या ओटीचा मान यंदा आमच्या घराचा, म्हणजे मंदाचा. चार घरांत पाळी फिरते. मागच्या पाळीला सई दोन वर्षांची, दवाखान्यात होती, तेव्हा वहिनीने भरली.
"यंदा बी मंदीला ऱ्हाऊ दे. तुजी वहिनी भरंल."
"का?"
"आता माज्या तोंडानं कशाला? तूच वाचलंस की समद्यांम्होरं."
मी म्हणालो, बघू.
बघू! कंपनीत विजेच्या चालू पॅनेलमध्ये हात घालणारा माणूस मी. थोरल्या भावासमोर मात्र, बघू. मं. आत भाकरी थापत होती. थापायचा आवाज मध्येच थांबला, मग पुन्हा सुरू.

२८ मार्च
सुट्टी काढून पुण्याला. मं. आली नाही. म्हणाली, "मला काय नवीन कळायचंय?"
डॉक्टरीणबाईंना रागातच विचारलं, बाई, दोष आईचा आहे का, एका शब्दात सांगा.
"नाही. तुमच्या बायकोचं रक्त तपासलंय. तिच्यात तो तुकडा शाबूत आहे. बीजांड तयार होताना गळला. कुणाच्याही बाबतीत होतं. तिने काही केलं म्हणून नाही, काही केलं नाही म्हणूनही नाही."
आणि मग म्हणाल्या, वडिलांकडची प्रत आहेच की. अगदी धडधाकट. पण मेंदूच्या पेशींत ती बंद असते. सगळ्याच माणसांत. इतरांचं आईच्या प्रतीवर भागतं, म्हणून कळत नाही.
मी म्हणालो, म्हणजे तिला टॅग लावलाय. आमच्याकडे मशीनवर काम चालू असलं की बटणाला कुलूप घालून लाल टॅग लावतात, कुणी चुकून चालू करू नये म्हणून.
"टॅग आहे, पण तो आईच्या प्रतीवर," म्हणाल्या. कागदावर काढून दाखवलं: जनुक उलट्या दिशेने वाचला गेला की बंद पडतो, आणि टॅग ते उलटं वाचन अडवतो.
येताना एसटीत डोक्यात बसलं. मोटर सुलट-उलट फिरवणारं फॉरवर्ड-रिव्हर्सचं पॅनेल. रिव्हर्स चालू असेल तोवर फॉरवर्ड लागतच नाही. इतरांत आईच्या प्रतीत टॅग रिव्हर्सवर असतो, म्हणून फॉरवर्ड चालतं; सईत तो तुकडाच नाही. माझ्या प्रतीत टॅग नाही. तिथे उलट्या दिशेने वाचन चालू, आणि कामाचा जनुक गप्प. सगळी वायरिंग धड आणि मोटर बंद.
औषधाचं विचारलं. ही बंद प्रत उघडायचे प्रयत्न चाललेत, म्हणाल्या, अजून हाताशी काही नाही. गोळ्या आणि व्यायाम सोडू नका.
माझं सगळं तिच्यात आहे. धड आहे. आणि उपयोगाचं नाही.

२९ मार्च
मंदाला सांगितलं. पॅनेलसकट. शेवटपर्यंत ऐकून म्हणाली, "हे मला एकटीला सांगून काय उपयोग? वाचलंत कुणासमोर?"

३ एप्रिल
देवळात जत्रेची बैठक. मी उठलो. खडूने फरशीवरच पॅनेल काढलं. ही आईची प्रत, ही बापाची. बापाची हाय, पण गप्प हाय. मंदाचा दोष न्हाई.
भावकीतले म्हातारे गेनूआबा काठीवर हनुवटी टेकून बघत होते. म्हणाले, "आरं, म्हंजी खोट तुज्यातच हाय की!"
सगळे हसले. मीही वैतागून म्हणून गेलो, "व्हय, तसंच समजा. मग तर भरू द्याल तिला?"
दादा म्हणाला, "बगू जत्रंच्या सकाळच्याला. आन् तू पालखीच्या फुडच्या दांडीला ये, उशीर करू नगंस."
तेव्हा डोकं फिरलं. खोट तिची म्हटल्यावर तिची ओटी थांबते. माझी म्हटल्यावर हशा होतो, आणि पुढची दांडी मलाच. म्हणालो, तिची ओटी नसेल तर माझा खांदाबी न्हाई. फरशी पुसलीसुद्धा नाही, तसाच निघालो.

४ एप्रिल
मं. माझ्यावरच भडकली. "तुमच्यात खोट आहे म्हणून सांगितलंत? कुणी सांगितलं होतं माझ्यासाठी खोटं बोलायला? कुणाचाच दोष नाही, एवढं खरं होतं ना तुमच्याकडे? तेच नाही निघालं तोंडातून."
बरोबर आहे. एका चुकीवर दुसरी चढवून आलो. सई टबात पाणी उडवत हसत होती. तिला पाणी फार आवडतं.

५ एप्रिल
सकाळी दिवा लावला, माळ घेतली नाही. आईसमोर जाऊन बसलो. दोष कुणाचाच नाही, असं तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा आवाज चढला. आई म्हणाली, "वरडतूस का? म्या काय भैरी हाय?" मग, "मी म्हनत व्हते तवा का न्हाई बोललास?"
मी उठून सईच्या गोळ्या काढल्या.

६ एप्रिल, जत्रा
सकाळचे साडेसहा. ढोल सुरू झाला. दादाचा निरोप नाही. वहिनी नवी साडी नेसून त्यांच्या दारात उभी आहे, इथून दिसते.
मंदाने ताट भरलंय. खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकू. कुणी बोलावलेलं नाही. सईला झगा घालतेय, ती हात फडफडवतेय, बटणं लागत नाहीत. आई उंबऱ्याशी बसून बघत होती. आता उठली, सईचे हात धरले. मंदाकडे बघितलं नाही.
मी पालखीला जाणार नाही, ताटामागे चालणार. देवळाच्या पायरीशी दादा उभा असेल. तो वाट सोडतो की अडवतो, ते तिथेच कळेल; मंदाने ताट उचललं, निघतो.