झोपडीची जागा

मगाहिंगाचा पायथा,
रविवार, १२ जुलै

न्यिरासाफारीताई,

तुझ्या धाकट्याचा नमस्कार. इकडे सगळे खुशाल. बटाटा यंदा चांगला आलाय. आईचा गुडघाही बरा आहे. हल्ली ती शेजारच्या मुकांतवारीकाकूंकडे राहते. तिला तिथली चूल सोयीची पडते.

पाहुण्यांना आपलं जुनं जंगलातलं जिणं दाखवायची फेरी जोरात चालू आहे. 'आपणच आपलं सोंग घ्यायचं, आणि तेही पाहुण्यांपुढं,' असं म्हणून तू गेलीस. तेव्हापासून मी ती पुष्कळ सुधारली. दुसरे वाटाडे काडेपेटी काढून मोकळे होतात. मी काडीवर काडी घासूनच जाळ करतो. झोपडीही नवी बांधली. बांबू बाहेरून न्यावा लागला, कारण सरकारनं जंगलातून बाहेर काढल्यापासून आतलं पानसुद्धा तोडायची आपल्याला बंदी. पण तो कुठं वाकवायचा, पानं कशी लावायची, सगळं म्हाताऱ्यांना विचारून विचारून केलं. बाप गेला तेव्हा मी आईच्या पाठीवर होतो. मला शिकवणार कोण?

ताई, आई काकूंकडे चुलीसाठी राहत नाही.

गेल्या महिन्यात गाणाऱ्या बायकांत एक कमी पडली, म्हणून आई पहिल्यांदाच फेरीबरोबर आत आली. झोपडी दिसली आणि ती वाटेतच थबकली.

"ही जागा कुणी दाखवली तुला?"

"दाखवायला कोण हवं? मीच निवडली. वारा डोंगरानं अडवलेला, पाण्याचा आवाज येतो पण ओल येत नाही, सकाळचं ऊन थेट दारात."

"अस्संच बोलायचा तो," आई म्हणाली. "तुझा बाप आहे त्या जमिनीखाली, मूर्खा! त्याच्यावर झोपडी पाडून निघालो होतो आम्ही. आणि तू तिथं रोज माणसं बसवतोस?"

"असे झरे जंगलात ढीगभर आहेत, आई."

माणूस गेला की त्या जागी आपण पुन्हा पाऊल टाकत नाही, हे पाहुण्यांना मीच सांगतो. तिथंच उभा राहून सांगत होतो.

त्या दिवसापासून तिनं माझ्या घरचं खाणं सोडलं.

तुला विचारणार होतो. तू तेव्हा मोठी होतीस, तुला जागा आठवत असेल. मग म्हटलं, विचारायचं काय? जागा निवडण्यात मी चुकत नाही. तोही चुकत नसणार.

गुरुवारी काकूंच्या दारात जाऊन म्हणालो, "आई, चल."

"पुन्हा तिथं? वेड लागलंय का?"

"पाडायला. मागच्या वेळी मी तुझ्या पाठीवर होतो."

पाहुण्यांशिवाय आपल्याला आत सोडत नाहीत, म्हणून आम्ही दोघं पाहुण्यांबरोबरच गेलो. मी खांब आतल्या बाजूला ढकलायला लागलो तसा उद्यानाचा बंदूकवाला रक्षक पुढं आला. "अरे बाबा, हे काय नवीन? साहेबांना काय सांगू मी?"

"सांगा, घरमालक वारला."

झोपडी बसली. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मी राग धरला नाही. त्यांना काय ठाऊक?

पाडल्यावर मागं वळून पाहायचं नसतं, म्हणून पाहिलं नाही. आई येते की नाही, कळेना. घरी पोचलो, घुगऱ्या शिजत टाकल्या. थोड्या वेळानं ती आली, चुलीशी बसली आणि जेवली. मग म्हणाली, "हसायचा कसा, ते मला नीट आठवत नाही आता. तुझ्या बहिणीला आठवत असेल."

साहेबांनी फेरी बंद केली तर करोत. तू ये. तो कसा हसायचा, ते मला पत्रात नको, समोर बसून सांग.

तुझा भाऊ,
सेबाहिरेचा मुलगा
सेन्दुगु