खिडकीखालचं टक्कल

४ सप्टेंबर
नणंदबाई व्हर्नाचा फोन. ५ ऑक्टोबरला येतेय, माझ्या गसला जाऊन वर्ष होतंय त्या दिवशी. राखेचा कलश नेऊन इंडियानाला त्यांच्या आईशेजारी पुरणार म्हणे. मी म्हटलं, ये ना! फोन ठेवला आणि मला घाम फुटला.

कलशात गस नाहीच. तो स्वयंपाकघराच्या खिडकीखाली, लॉनमध्ये आहे. दवाखान्यात स्वतःच म्हणाला होता, "लॉरेन, मला लॉनमध्येच ठेव." व्हर्नाला हे सांगायची माझी छाती झाली नाही. कलश रिकामा दिसू नये म्हणून त्यात बार्बेक्यूची राख भरली. झालं!

५ सप्टेंबर
आज लॉनकडे नीट पाहिलं. एकतीस वर्षं या माणसानं ते गवत पोटच्या पोरासारखं वाढवलं. माझ्या चांगल्या सुऱ्या डँडेलियनचं तण उपटण्यात बोथट केल्या. मी एका वर्षात वाट लावली. तण माजलंय, माती दगड झालीय. आणि गसला जिथे ओतलं, बरोब्बर तिथे बाथटबएवढं टक्कल! तणसुद्धा फिरकत नाही. राख म्हणजे खत, असं वाटलं होतं मला. मेल्यावरही हेका सोडत नाही हा बाबा.

व्हर्ना येईपर्यंत हे टक्कल झाकायलाच हवं. ती पहिल्यांदा खिडकीतूनच बघणार.

९ सप्टेंबर
शेजारच्या डॅरेलनं जमिनीला भोकं पाडायचं यंत्र भाड्यानं आणलं होतं, माझंही लॉन करून दिलं. मातीला श्वास हवा म्हणाला. यंत्र बोटभर मातीच्या कांड्या उपसून गवतावर टाकत जातं. अंगणात बदकांची जत्रा येऊन शिटून गेल्यासारखं दिसतंय.

टकलाकडे वळला तशी मी आडवी गेले. तो म्हणे, खरी गरज तिथेच आहे. म्हटलं, ते मी हातानं करीन. गसच्या अंगावरून यंत्र फिरवू देते की काय!

१० सप्टेंबर
बी टाकलं, खत टाकलं. डॅरेल म्हणाला, गसचा स्प्रेडर वापर, बी एकसारखं पडतं. ते ढकलायचं, किती सांडायचं त्याचा आकडा लावायचं चाकाचं यंत्र गॅरेजमध्ये वर्षभर झाकून ठेवलंय. नाही काढवलं. हातानंच फेकलं. कंबर गेली.

२२ सप्टेंबर
सगळीकडे कोवळी लव आली! टकलावर एक पातं नाही. तिथली माती तपासायला काउंटीच्या कृषी कार्यालयात देऊन आले.

२९ सप्टेंबर
तिथल्या बाईंचा फोन. मातीत क्षार फार आहेत, काय ओतलंत? म्हटलं, नवरा. मग हळूच म्हणाल्या, राखेचा एका जागी ढीग झाला की मुळं जळतात. थोडी थोडी, पसरून टाकायची.

म्हणजे त्याचं लॉन मी त्याच्याच राखेनं जाळलं. फरशीवर बसून रडले. फार रडले.

५ ऑक्टोबर, सकाळ
कलश पुसून ठेवलाय. देऊन टाकते तसाच. व्हर्नाला काय कळणार?

६ ऑक्टोबर
नाही जमलं. तिनं कलश उचलला आणि गालाला लावला. मी म्हटलं, "व्हर्ना, खाली ठेव. ती डुकराच्या बरगड्यांची राख आहे."

मग तिला बाहेर नेऊन टक्कल दाखवलं, सगळं सांगितलं. वाटलं, आता ही माझं तोंड बघणार नाही. ती चांगल्या स्कर्टसकट मातीतच बसली. मान खाली घालून म्हणाली, "शेवटच्या आठवड्यात त्याचा फोन आला होता. म्हणाला, लॉरेन मला ढिगानं ओतेल आणि लॉन जाळेल. तिला सांग, स्प्रेडरनं टाक, आकडा तीनवर ठेवून. मी नाही सांगितलं. मला तो आईशेजारी हवा होता."

मी तिला हात देऊन उठवलं. नंतर आत येऊन जेवलो.

७ ऑक्टोबर
टकलावरची माती खणून चाळून घेतली. कॉफीचा एक डबा भरून व्हर्नाला दिली, आईशेजारी ठेवायला. उरलेली लॉनभर पसरायची म्हणून गॅरेजमधून स्प्रेडर काढला. आकडा तीनवर होता. हलू नये म्हणून वर चिकटपट्टी लावलेली.