दार काढल्याचा अर्थ

नाबविरेबाई,

तुमचा पत्ता कुणालाच ठाऊक नाही, म्हणून हे पत्र माझ्याच खिशात राहणार.

करार संपल्यावर तुम्ही महिन्याच्या बोलीवर राहत होतात. तुम्हाला काढायचं असतं तर महिनाभर आधी लेखी कळवलं असतं. विटा वाहून ही चाळ उभी केलीय, एवढा कायदा मला कळतो. पण तुमच्या खोलीच्या दाराला वाळवी लागली होती. तुम्ही बाजारात होतात, म्हणून न सांगताच ते सुताराकडे नेलं.

आमच्या कंपाला शहरात मालक दार काढतो, ते भाडेकरूला हाकलायलाच. दार नाही पाहून, तापलेलं लेकरू पाठीशी बांधून तुम्ही भर पावसात निघालात. शेजारच्या वास्वाला म्हणालात म्हणे, "तोंडावर नाही बोलले, एवढी तरी लाज राखली."

सगळे दवाखाने पालथे घातले, तुम्ही सापडला नाहीत.

नवं दार बसवताना वास्वा हसला, "काका, नोटिशीचा कागद वाचवलात की!"

काल पलीकडच्या खोलीतल्या आजींच्या दाराची कडी बसवायला हातोडा घेऊन गेलो, तर त्या भांडी बांधायला लागल्या. म्हटलं, "आजी, कडीच लावतोय."

"हो रे बाबा," त्या म्हणाल्या, "उजेड आहे तोवर निघते."

खोली तुमचीच आहे.

तुमचा घरमालक,
सेन्तोंगो