सासूबाईंना, आमच्या ऑफिसच्या तळघराविषयी

ती. सासूबाईंना, घरी सध्या एकट्याच असलेल्या जावयाचा साष्टांग नमस्कार.

तुमचे गुडघे आता जिना चढू देतात ना? सासरेबुवांचं कानातलं यंत्र दुरुस्तीहून आलं का? (नसेल आलं तर घाई करू नका, गेल्या खेपेला त्याच्याशिवाय ते फार आनंदात दिसले.) तुमची लेक सुखरूप पोचल्याचं तिच्या न आलेल्या फोनवरून कळलं. मी उत्तम आहे. जेवणाचंही जमतंय, कुकर तेवढा अजून माझं ऐकत नाही. हे पत्र तिच्या निघून जाण्याबद्दल मुळीच नाही. लग्नात तुम्ही विचारलं होतंत, जावईबापू ऑफिसात नक्की करतात काय, आणि तेव्हा मला धड सांगता आलं नव्हतं. ते आज सांगावं म्हटलं.

आमची कंपनी दुकानांचे वजनकाटे बनवते आणि गिऱ्हाइकांचा पत्रव्यवहार मी सांभाळतो. सांभाळतो म्हणजे, काम झालं की मेल पुसून टाकतो. माझा स्वभाव तुम्हाला ठाऊकच आहे, पसारा दिसला की माझे हात शिवशिवतात. (मी येणार म्हणून तुम्ही माळ्याला कुलूप लावलं होतंत, ते मी मनावर घेतलेलं नाही.) बाकीच्यांच्या इनबॉक्सात मेलींचा नुसता बुजबुजाट, माझा मात्र चाटूनपुसून लख्ख. याचा मला भारी अभिमान होता. आणि मग कळलं की कंपनीने काही वर्षांपूर्वीच एक सॉफ्टवेअर घेतलंय. येणारी-जाणारी प्रत्येक मेल, तिला जोडलेली प्रत्येक फाइल, यांची एकेक प्रत ते आपण बघायच्या आधीच काढून आत ठेवून देतं. त्या साठ्याला सगळे तळघर म्हणतात (ते खरोखर कुठे आहे कुणालाच माहीत नाही, ऑफिस तर वरच्या मजल्यावर आहे), आणि तो सांभाळणाऱ्या बाईंना तळघरवाल्या बाई. म्हणजे मी इतकी वर्षं ऐटीत जे पुसायचं बटण दाबत होतो, ते लहान मुलाच्या हातात दिलेलं खेळण्यातलं स्टिअरिंग होतं! मला सांगितलं कसं नाही म्हणून मी तणतणत गेलो, तर बाई म्हणाल्या, सगळ्यांना मेल केली होती. असेल. मी पुसली असेन.

पण सासूबाई, त्या सॉफ्टवेअरची काय तारीफ करू! परवा एक मोठा बेकरीवाला भांडायला येऊन उभा राहिला. म्हणे, मी काट्यांना स्टीलच्या ताटल्या सांगितल्या होत्या, तुम्ही ॲल्युमिनियमच्या लावल्यात, सगळा माल परत घ्या. आता ॲल्युमिनियमला यानेच होकार दिला होता, हे मला स्वच्छ आठवत होतं. पण होकाराची मेल? लख्ख पुसलेली. साहेब हळू आवाजात म्हणाले (ते ओरडतात तेव्हा काही होत नाही, भीती हळू आवाजाची), लेखी दाखवा, नाहीतर दुसरीकडे नोकरी बघा. मी धावत तळघरवाल्या बाईंकडे गेलो. बाईंनी बेकरीवाल्याचं नाव आणि 'ताटली' एवढंच टाइप केलं, आणि त्याचा होकार, त्याने पसंत केलेलं चित्र, वर 'ॲल्युमिनियमच बरं, हलकं पडतं' हा त्याचा स्वतःचा शेरा, सगळं तारीखवार हजर! बेकरीवाला एकदम मऊ झाला. त्या सॉफ्टवेअरच्या पाया पडावंसं वाटलं, पण पाय कुठे ते कळेना, म्हणून बाईंनाच वाकून नमस्कार केला. त्या बिचाऱ्या दचकल्या.

मग त्यांनी तळघराचा एक नियम सांगितला. ज्या बाबतीत वाद चालू आहे, त्यातलं काहीही वाद मिटेपर्यंत कुणालाही टाकता येत नाही, खुद्द मालकालाही नाही. काय डोकं लढवलंय बघा! हा नियम आमच्या घरी असता तर कपाटावरचं ते खोकं मी रद्दीत घातलं नसतं. त्यावरून आमचा वाद चालूच होता. त्यात हिने आपल्या शिवणाच्या गिऱ्हाइकांच्या मापाचे कापून ठेवलेले खाकी कागद होते. मला रद्दी दिसली. तिचा सगळा धंदा त्या खोक्यात होता, हे ती बॅग भरायला लागली तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं. तिने चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.

असो. तर मी हे असं काम करतो. सासरेबुवांना नमस्कार (मोठ्याने) सांगा.

तुमचा, यापुढे विचारूनच टाकणारा,
जावई

ता. क. खोकं सापडलं! रद्दीवाल्याच्या दुकानात सबंध सुट्टीचा दिवस फरशीवर बसून एकूण एक कागद वेचला. हे तिला अवश्य सांगा.

ता. क. २. हे मात्र लगेच सांगू नका. तळघराचा आदर्श डोळ्यांपुढे ठेवून मी उत्साहाच्या भरात ते कागद नीट लावले. हिने एकेका गिऱ्हाइकाचे सगळे तुकडे एकत्र टाचून ठेवले होते, ते मला गबाळं वाटलं. मग सगळ्या टाचण्या काढून (बरणीत भरून ठेवल्यात) मी सगळ्या बाह्या एकीकडे, सगळे गळे एकीकडे, सगळ्या पाठी एकीकडे असे गठ्ठे केले. दिसायला फार सुरेख दिसतंय. फक्त नावं टाचलेल्या जुड्यांच्या वरच्या कागदांवरच होती, त्यामुळे कुठली बाही कुणाची हे आता देवही सांगू शकणार नाही. हे तिच्या कानावर तुम्हीच हळूच घालावं, एवढ्यासाठीच खरं तर पत्राला बसलो.

ता. क. ३. पाकीट बंद करणार होतो, पण आज बाईंना म्हटलं, सहज हिचं नाव घालून बघा. आमच्याकडे फोन बाहेर ठेवावा लागतो, म्हणून ही मला ऑफिसच्या मेलवर लिहायची. पडदा भरून गेला, सासूबाई. जेवलात का. छत्री विसरलात. आज निळ्या झग्याचा गळा अगदी मनासारखा बसलाय, तो न्यायच्या आधी बघायला या. सगळ्या मी पुसलेल्या, बऱ्याचशा न वाचताच. माझं उत्तर एकच निघालं: 'कामात आहे.' बाई पाणी आणायला म्हणून उठून गेल्या, बाटली भरलेली होती तरी. मला फार रडू आलं. तिला मेल उघडायला सांगा. पहिलीपासून उत्तरं लिहायला घेतली आहेत. हो, जेवलो. हो, भिजलो. आणि तो निळा झगा कुणाचा होता, आता कुणाच्या दारी गेलो तर बघायला मिळेल, तेवढं तिला विचारून कळवा.