तळ्यावरचं ऊन

४ जून

पोचले एकदाची! चढणीवर जीपने दोनदा मान टाकली, पण शेवटच्या वळणावर तळं दिसलं आणि सगळा शीण पळाला. दौत उपडी झाल्यासारखं निळंशार पाणी. संशोधन केंद्र म्हणजे काठावरचं लाकडी घर. खाली प्रयोगशाळा, वर आमच्या खोल्या, मागे सामानाची अंधारी कोठी. केंद्र चालवणाऱ्या सरांनी नमस्काराच्या आधी उन्हाच्या मलमाची ट्यूब हातात ठेवली. इथलं ऊन गार वाऱ्यात कळत नाही, पण सालटी काढतं म्हणाले. जीप आणि होडी दोन्ही चालवतात ते दादा. माझ्या पेटीतल्या बाटल्यांचा खळखळाट ऐकून त्यांनी मला लगेच ‘बाटलीताई’ करून टाकलं. त्यांची बायको, वहिनी, स्वयंपाक बघतात. मी म्हणे वाळकी काटकी आहे. पोट फुटेपर्यंत वाढलं.

७ जून

काम सुरू झालं. इतक्या उंचीवर अतिनील किरण अंगावर थेट येतात. वरच्या पाण्यातले बरेचसे जिवाणू त्यांनी मरतात, काही दिवसा खोल जातात, तर काही स्वतःच नारिंगी रंग तयार करून त्याची छत्री करतात. आम्ही पाण्यात नळ्या सोडतो. काही नळ्यांतून किरण आत जातात, काहींना किरण अडवणारा कागद गुंडाळलेला असतो. मग आत कोण जगलं ते बघायचं.

अशा जिवाणूंचा एक नारिंगी वाण सरांनी प्रयोगशाळेत दिव्याखाली वाढवलाय. दर वेळी जे तगतात त्यांना आणखी प्रखर दिव्याखाली ठेवायचं. आता ते मरतच नाहीत. उलट दिवा बंद केला की मलूल होतात. सर त्यांचं जावयासारखं कौतुक करतात.

१२ जून

त्याच वाणाची नळी तळ्यात सोडताना दादांच्या मुठीत फुटली. तळवा चांगलाच कापला. मी पट्टी बांधली. सरांना विचारलं तर म्हणाले, हे जिवाणू माणसाच्या वाटेला जात नाहीत.

१५ जून

दादा भर दुपारी होडीत उघडे बसतात. पाठीवर फोड आलेत, काही फुटलेत. दुखत नाही का विचारलं तर म्हणाले, बरं वाटतंय. वहिनी ओरडून ओरडून थकल्या. पट्टी बदलली तेव्हा जखमेच्या कडा नारिंगी दिसल्या. सरांना दाखवल्या. त्यांनी कापसावर नमुना घेतला आणि ते तडक प्रयोगशाळेत गेले.

१७ जून

दादा सकाळपासून काठावर सूर्याकडे तोंड करून उभे होते. पाठीची कातडी लोंबत होती. मला बघवेना, म्हणून छत्री घेऊन गेले आणि त्यांच्या डोक्यावर धरली. त्यांनी छत्रीची काडी न् काडी मोडली. मग माझं मनगट धरलं आणि चावले. दात हाडाला लागले.

“सावली नको,” एवढंच म्हणाले. रागाने नाही. विनवल्यासारखं.

सरांनी आणि वहिनींनी मिळून त्यांना कोठीत ढकललं आणि अडसर लावला. आत ते भिंतीवर डोकं आपटत होते. हळूहळू आवाज थांबला. सरांनी वायरलेसवर निरोप दिलाय. रस्त्यावर दरड कोसळल्यामुळे डॉक्टरांच्या गाडीला वेळ लागणार.

१८ जून

सर गेले.

सकाळी गुंगीचं इंजेक्शन घेऊन त्यांनी कोठीचं दार उघडलं. ते नेमके उन्हाच्या आड उभे राहिले. दादांनी कोठीतला होडीचा लोखंडी नांगर उचलला आणि सरांच्या तोंडावर मारला. सर पडल्यावरही मारत राहिले. खाली चेहरा म्हणून काही उरलं नाही. मग दादा बाहेर आले. डोळे पांढरे झालेले, तरी सूर्याकडेच. मी वाटेत होते. माझी सावली त्यांच्यावर पडली आणि ते माझ्या अंगावर आले. गळ्यावर बोटं — चिकट, गरम —

वहिनींनी मागून वल्हं घातलं. एकदा. पुन्हा. कवटी फुटल्याचा आवाज झाला तरी थांबल्या नाहीत.

नंतर त्यांनी आपली शाल दादांच्या तोंडावर पांघरली. मग शाल काढून घेतली.

“नको,” म्हणाल्या. “त्यांना आवडत नाही.”

१९ जून

मनगट दुखायचं थांबलंय. मला ते दुखायला हवंय.

पट्टी सोडली. कडा नारिंगी.

वहिनींना दाखवलं आणि मीच सांगितलं, मला कोठीत घाला, अडसर लावा. गाडी आली तरी डॉक्टरांशिवाय दार उघडायचं नाही. शपथ घातली. त्या रडल्या, पण लावला.

२० जून

फळीच्या फटीतून एक तिरीप येते. तिच्यात वही धरून लिहितेय. खरं तर हात उन्हात धरायला —

अंधारात दात ठणकतात. मी भिंत खाल्ली. म्हणजे लाकूड. तोंडात रक्त.

तिरीप सरकते तशी मीही.

दुपार

वहिनी दारापाशी आल्यात. जेवण आणलंय. नको म्हटलं. जा म्हटलं. अडसर वाजतोय. त्या म्हणतात, उपाशी कशी ठेवू तुला, पोरी —

नका उघडू. वहिनी, नका —

उघडलं. ऊन. केवढं ऊन. सगळ्या अंगावर —

त्या पुढे आल्या. ताट घेऊन. दारातच उभ्या आहेत, उन्हाच्या आड, आणि त्यांची सावली माझ्या