इंजिन टेबलावर उभं आहे

प्रिय रेग,

हे पत्र तुला नोलाच वाचून दाखवणार, म्हणजे तुझ्या बायकोबद्दल वाकडं काही लिहायची सोय राहिली नाही. नोला, तुला एकच विनंती, मी जिथे शिव्या घातल्या आहेत तिथे तू खोकून पुढे जाऊ नकोस. त्याला औषधाइतकीच त्यांची गरज आहे.

तर बातमी अशी, की आपल्या खेळण्यातल्या रेल्वेला अखेर इंजिन गोल फिरवणारं टर्नटेबल मिळालं. माझ्या मागच्या शेडमधल्या लाकडी पाटांवर आपण एवढे रूळ पसरले, स्टेशन उभारलं, गव्हाची कोठारं रंगवली, पण इंजिनाचं तोंड फिरवायची सोय नव्हती म्हणून बिचारं परतीला उलटंच धावायचं. आणि सोय का नव्हती? आपण दोघं भांडत बसलो म्हणून. तुला मोटरवालं हवं होतं, बटण दाबलं की फिरणारं आणि नेमकं रुळासमोर थांबणारं. मला हाताच्या मुठीनं फिरणारं. मी म्हणालो, आयुष्यभर डेपोत खरी इंजिनं हातांनी ढकलली आणि आता खेळण्याला मोटर? त्यावर तू म्हणालास, "म्हाताऱ्या, आयुष्यभर ढकलली म्हणूनच म्हणतोय ना!" ते भांडण तसंच राहिलं आणि तुला ॲडलेडच्या इस्पितळात न्यावं लागलं.

तू पहिल्यांदा माझ्या इंजिनावर कोळसा टाकायला, फायरमन म्हणून आलास तो दिवस मला या आठवड्यात सारखा आठवतोय. डेपोतल्या टेबलावर इंजिन घेताना मी तुझी खूण न पाहताच ब्रेक लावला. आपण दोघं दोन टोकांना दांड्याला खांदा लावून तोंडं टोमॅटोसारखी होईपर्यंत ढकलत होतो आणि टेबल तसूभर हलेना. फोरमन चहाचा मग घेऊन बघायला आला आणि म्हणाला, "काय रे, इंजिन फिरवताय की डेपो?" तू दांडा सोडलास. खाली वाकून पाहिलंस, मला इंजिन वीतभर मागे घ्यायला लावलंस आणि वजन दोन्हीकडे सारखं बसल्याबरोबर टोपी वर केलीस. मग ते धूड असं फिरलं, जसं लोण्यावर ठेवलंय. त्यानंतर तुझी टोपी वर गेल्याशिवाय मी कधी ब्रेक लावला नाही.

आता माझी फजिती ऐक आणि पोट धरून हस. टेबल किती लांब हवं ते ठरवायला मी आपलं सगळ्यात मोठं इंजिन टेप लावून मोजलं आणि दुकानदाराला फोन करायला निघालो. माझी बेरिल दारात उभी होती. म्हणाली, "आणि कोळशाचा डबा? तो काय इंजिन तोंडात धरून नेणार?" रेग, जन्मभर टेंडरमधल्या कोळशाच्या धुळीत जेवलेला ड्रायव्हर टेंडरच मोजायला विसरला! तिनं हे चर्चमध्ये सगळ्यांना सांगितलंय. मग मोठं टेबल घ्यावं लागलं आणि त्यासाठी पाटाला गोल भोक पाडलं, तर नेमका खाली आडवा वासा. तोच, ज्याला तू स्क्रू ठोकताना "आता हा आपल्या दोघांच्या मरणापर्यंत हलत नाही" म्हणाला होतास. नाही हलला. मी त्याला अर्धा कापला, बाजूनं दोन नव्या पट्ट्यांचा आधार दिला आणि तुझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला. टेबलावरचे आणि बाहेरचे रूळ एका रेषेत यायला आणखी कितीतरी दुपारी गेल्या. पत्र्याखाली भट्टी, उत्तरेचा वारा लाल धूळ आणतोय, आणि मी नाक रुळाला टेकवून, एक डोळा मिटून बसलेलो. बेरिल चहा ठेवून जायची आणि तो गार झाला की परत न्यायची.

हो, मोटरवालंच घेतलं. जास्त खूश होऊ नकोस. बटणांची फळी तुला हवी होती तशी उजवीकडे नाही लावली, डावीकडे लावली आहे आणि बरीच खाली, बसलेल्या माणसाचा हात सहज पोचेल इतकी. बटणं मोठी घेतली, अंगठ्यानं दाबता येतील अशी. शेडचा उंबरठा काढून टाकला. दारही रुंद केलंय, बेरिलनं तिची किराणा मालाची ढकलगाडी आतबाहेर नेऊन खात्री केली.

नोलानं मला सगळं सांगितलंय. तू व्यायाम सोडलास, ती व्यायाम करून घेणारी बाई हात धरून उठवायला आली की भिंतीकडे तोंड करतोस. घरी नको, तिथल्याच वृद्धाश्रमात ठेवा म्हणतोस. आणि माझ्यासाठी निरोप, "क्लेमला म्हणावं माझी इंजिनं विकून टाक, अर्धा माणूस कशाला उपयोगाचा." ते ऐकून मी शेडमध्ये जाऊन रडलो, हेही लिहून टाकतो, नोला, वाच मोठ्यानं. रेग, मला माझा मित्र परत हवाय. लुळा पडलेला उजवा हात तिथेच राहिला तर राहू दे, बाकीचा ये.

हे पत्र लिहिलं ते इतकंच कळवायला, की मी तुझं एकही इंजिन विकलेलं नाही. टेबल मी रिकामं फिरवून पाहिलं, छान फिरतं. मग तुझं लाडकं काळं इंजिन त्यावर आणून उभं केलं, टेंडरसकट, आणि तिथेच थांबलो. भिंतीकडे तोंड करून उभं आहे ते. बेरिल रोज विचारते, बटण का दाबत नाही. तिला डेपोचा कायदा कसा कळणार? टेबल एकट्यानं फिरवायचं नसतं. मी माझ्या टोकाला उभा आहे, आणि टोपी डाव्या हातानंही वर करता येते.

तुझाच,
क्लेम